तिसऱ्या दिवशी भाकरी? कोणी सांगितलं?

आत्याच्या खालच्या दाढेच्या इम्प्लांटची (म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायच्या स्क्रूची) तारीख ठरलीये. काल तिला कुणीतरी मेसेज पाठवला: 'साध्या ड्रिलने हाड जळतं. पिझो किंवा लेझरने भोक पाडलं की हाड तिसऱ्या दिवशी पक्कं. खुशाल भाकरी खा, सुपारी फोडा. ड्रिलवाला डॉक्टर जुनाट.' (पिझो म्हणजे बारीक कंपनांनी हाड कापणारं यंत्र.) आता ही तारीख रद्द करायला निघालीये!

आधी तो तिसरा दिवस. टायटॅनियमचा स्क्रू बसवल्याबसवल्या घट्ट लागतो, कारण त्याचे आटे हाडात रुतलेले असतात. हाड जुळल्याचा त्यात काही संबंध नाही. तिसऱ्या दिवशी फटींत रक्ताची गुठळी आणि कोवळ्या पेशी असतात, बस. आठवड्याभरात नवं हाड धरायला लागतं, तेही कच्चं. त्यात कडेचं दाबलं गेलेलं जुनं हाड शरीर झिजवून नव्याने घडवतं, म्हणून साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड उलट सैल होते. दुखत तर काहीच नसतं. तेव्हा सुपारी फोडत बसलात तर स्क्रू किंचित किंचित हलत राहतो, भोवती हाडाऐवजी तंतुमय पेशी भरतात आणि इम्प्लांट काढावा लागतो. इम्प्लांटचे जनक ब्रॅनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्याला ३ महिने थांबत, वरच्याला ६. आता खरखरीत पृष्ठभागाच्या स्क्रूंमुळे तो काळ कमी झालाय, पण तीन दिवस? काहीही!

हाड जळतं, हे अर्धं खरं. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडावर दाखवलं की ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा होते. म्हणून तर ड्रिलवर सलाइनची धार सोडतात, बारीक ड्रिलपासून टप्प्याटप्प्याने भोक मोठं करतात, मध्ये मध्ये ड्रिल बाहेर काढतात आणि बोथट झालेलं फेकतात. पाणी कमी पडलं, जोर जास्त लावला तर तुमचा पिझोही तापतो.

पिझोचा फायदा आहे, मान्य. तो हाड कापतो, मऊ भागाला सहसा इजा करत नाही. नस किंवा सायनस (वरच्या दाढांवरची पोकळी) जवळ असेल तर उपयोगी. सुरुवातीला हाड भरून येणं थोडं बरं दिसल्याचे अभ्यासही आहेत. पण पुढे फरक फारसा उरत नाही. लेझरने किती खोल गेलो हे हाताला कळत नाही, एवढं पुरे.

आत्या, तारीख रद्द करू नकोस. शुगरचा रिपोर्ट तेवढा सोबत ने. हाड भरायला त्याने फरक पडतो, आणि त्या मेसेजमध्ये मधुमेहाचं नावसुद्धा नाही.