हिरडीतून रक्त येतंय? मग ब्रश तिथेच फिरवा

पेस्टच्या फेसात लाल दिसलं की बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. त्या भागाला ब्रश लावायचं सोडतात, नाहीतर ‘हिरड्या मजबूत करणारी’ महागडी पेस्ट आणतात. पेस्टने फार तर पैसे जातात. ब्रश सोडल्याने दात जातात.

निरोगी हिरडीतून ब्रश लागून सहसा रक्त येत नाही. सुजलेल्या हिरडीतून येतं, आणि सूज येते ती दात-हिरडीच्या सांध्यावर साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे. 1965 साली हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात सूज ओसरली. म्हणजे या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो. पुढे दाताभोवतीचं हाड झिजायला लागलं की ते नुसत्या घासण्याने भरून येत नाही.

आता, दोनदा घासूनही हिरड्या का बिघडतात? कारण ब्रश दाताच्या चकचकीत भागावर फिरतो आणि काठ तसाच राहतो. निरोगी तोंडातही हिरडी आणि दात यांच्यात 1 ते 3 मिलिमीटरची खाच असते. मऊ ब्रशचे केस 45 अंशांत तिरके, हिरडीच्या दिशेने टेकवा. एका वेळी दोन-तीन दात. केस जागेवर ठेवून हलकेच थरथरवा, दहाएक वेळा, मग ब्रश दाताच्या टोकाकडे वळवून काढा. आतल्या बाजूनेही हेच. पूर्ण तोंडाला किमान दोन मिनिटं लागतात. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. कडक ब्रशने आडवं खसाखसा घासलं की काठावरचा थर राहतोच, शिवाय हिरडी खाली सरकते आणि दाताच्या मानेपाशी खाच पडते. मग थंड पाण्याने कळ येते. केस फाकले की ब्रश बदला, एरवी तीन-चार महिन्यांनी.

दोन दातांमध्ये मात्र कुठलाच ब्रश शिरत नाही, आणि आजार बहुधा तिथूनच सुरू होतो. दात जवळजवळ असतील तर फ्लॉस: 40-45 सेंटिमीटर दोरा, दाताला अर्धा वेढा घालून हिरडीच्या किंचित खालपर्यंत, वर-खाली. फटी असतील तर फटीत घट्टसर बसेल इतक्या जाडीचा छोटा इंटरडेंटल ब्रश. सेफ्टी पिन आणि काडी नको.

थर काढला नाही तर काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो, म्हणजे कीट. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ लावली की खरखरीत लागतं, ते हेच. हे घरी निघत नाही. स्केलिंगच करावं लागतं, म्हणजे डेंटिस्टकडून ते खरवडून काढून घ्यावं लागतं. ‘स्केलिंगने दात हलतात, फटी पडतात’ हे आपल्याकडचं सर्वात नुकसानकारक ऐकीव ज्ञान. हाड आधीच गेलेलं असतं, फट कीटाने बुजलेली असते आणि हिरडी सुजून वर आलेली असते. कीट निघालं, सूज उतरली की खरी परिस्थिती दिसते इतकंच. काही दिवस झिणझिण्या येऊ शकतात. गरोदरपणातही स्केलिंग करता येतं. दुसरी तिमाही सोयीची.

मशेरीबद्दल थोडं कडक बोलायला हवं. ‘दात दुखायचे थांबतात’ म्हणून ती सुरू होते, आणि ती भाजलेली तंबाखू आहे, तिचं व्यसनच लागतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हिरडीचा रक्तपुरवठा आवळला जातो, त्यामुळे रक्त कमी येतं आणि आत हाड झिजत असतानाही सगळं ठीक वाटतं. अशा माणसाने रक्ताची वाट पाहायचीच नाही, थेट तपासणी करून घ्यायची.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तर सांगितले तेवढेच दिवस, बहुधा एक-दोन आठवडे. जास्त वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. पेस्टनंतर अर्ध्या तासाने घ्या.

नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर डेंटिस्टकडे जा. मधुमेह असेल तर आवर्जून सांगा: साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर तेही सांगा, त्यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात; गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि हिरडी-दातांमधल्या खाचांची खोली मोजून घेऊन आकडे मागा. 4 मिलिमीटर किंवा जास्त निघाले तर नुसत्या वरच्या सफाईवर थांबू नका, हिरडीखालच्या कीटाचं काय करायचं ते विचारा.