‘फी भरली आणि तीन महिने नुसतं रोटो’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या कंपोझिटिंगच्या (वेगवेगळी चित्रं जोडून एक शॉट करण्याच्या) कोर्सबद्दल तुमच्या तक्रारी तीन आहेत: पहिले तीन महिने रोटो (फ्रेमगणिक आकाराची कड हाताने आखणं) आणि पेंटच करून घेतलं, घरी सरावाला न्यूक हे सॉफ्टवेअर नाही, आणि क्रोमावरचा (हिरव्या-निळ्या पडद्यापुढचा) शॉट स्वतः केला तर माणसाभोवती काळी कड आली, म्हणजे कीइंग (तो पडदा काढून टाकणं) शिकवलंच नाही.

आधी काळी कड. तिचं कारण बहुतेक वेळा कीमध्ये नसतं, प्रीमल्ट (रंगाला अल्फाने, म्हणजे पिक्सेल किती भरीव ते सांगणाऱ्या ० ते १ या आकड्याने, गुणणं) दोनदा झालेलं असतं. कीलाइट या कीइंगच्या टूलचं ‘फायनल रिझल्ट’ आउटपुट आधीच प्रीमल्टिप्लाय झालेलं असतं. त्यावर पुन्हा प्रीमल्ट नोड (न्यूकमधली एक पायरी) लावला की अल्फा ०.५ असलेल्या जागी ०.८ चा रंग ०.४ वरून ०.२ वर येतो. मर्ज (एका चित्रावर दुसरं ठेवणारा नोड) मात्र बॅकग्राउंड अर्धंच मिसळतो, म्हणून कड काळवंडते. स्क्रिप्ट (न्यूकची फाइल) उघडून तो जादा नोड काढा. रंग बदलायचा असेल तर क्रम अनप्रीमल्ट, ग्रेड, प्रीमल्ट असाच ठेवा. प्रीमल्टिप्लाय केलेल्या चित्रावर ग्रेडचा ऑफसेट वाढवलात, तर अल्फाबाहेरचं काळंही उजळतं आणि सगळी फ्रेम पांढुरकी दिसते.

आता रोटो. एका कीमध्ये अख्खा शॉट निघणं दुर्मिळ. केसांची कड एका कीमधून, शरीराचा भरीव भाग दुसऱ्यातून आणि क्रोमा संपतो तिथला पाय रोटोतून, असंच काम चालतं. चालणाऱ्या माणसाला एकच शेप काढला की तो हमखास फसतो. डोकं, धड, दंड, कोपराखालचा हात, मांडी, पोटरी असे वेगळे शेप हवेत. कोपरावरचा पॉइंट शेवटपर्यंत कोपरावरच राहिला पाहिजे. हालचाल जिथे दिशा बदलते तिथे आधी कीफ्रेम द्या (त्या फ्रेमवर शेपची जागा पक्की करा), मग मधल्या फ्रेमवर. प्रत्येक फ्रेमवर कीफ्रेम दिली तर कडेला जिटर (थरथर) येतो आणि तो नंतर लपत नाही. जिथे ब्लर आहे तिथे शेप ब्लरच्या मधोमध काढून मोशन ब्लर चालू करायचा. हा हात बसायला वेळ लागतो, आणि आम्ही तो कमी करणार नाही.

घरच्या सरावासाठी न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती मोफत मिळते. आउटपुट १९२० बाय १०८० पर्यंतच, आणि त्यावर पैशाचं काम करता येत नाही; शिकायला तेवढं पुष्कळ आहे. प्लेट (मूळ चित्रीकरण) हव्या असतील तर ब्लेंडर फाउंडेशनने २०१२ च्या ‘टियर्स ऑफ स्टील’ या लघुपटाचं मूळ फुटेज खुलं ठेवलं आहे, त्यात क्रोमाचे शॉट आहेत. फाइल्स जड आहेत, म्हणून एकाच शॉटच्या शंभरेक फ्रेम उतरवा आणि आधी आकार लहान करून घ्या.

आफ्टर इफेक्ट्स येत असताना न्यूक कशाला, असंही तुम्ही विचारलंत. तुमचं आफ्टर इफेक्ट्स वाया जात नाही, पण सिनेमाच्या स्टुडिओत शॉट एकाकडून दुसऱ्याकडे बहुधा न्यूक स्क्रिप्टच्या रूपातच जातो.

शोरीलसाठी (कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओसाठी) तीनच शॉट पूर्ण करा: एक की, एक ट्रॅक करून वस्तू पुसलेला, एक सीजी पासेस (संगणकाने बनवलेल्या चित्राचे वेगवेगळे थर) जोडलेला. प्रत्येकाची मूळ प्लेट आणि ब्रेकडाउन (शॉट टप्प्याटप्प्याने कसा बनला ते) दाखवा, एकूण लांबी ६० ते ९० सेकंद. पुसलेल्या जागी ग्रेन (चित्रातला बारीक दाणेदारपणा) परत चढवायला विसरू नका. स्टुडिओतल्या लीड (टीमप्रमुख) लोकांना ते ठिगळ लगेच दिसतं.

काळ्या कडेची ती स्क्रिप्ट आणि प्लेट घेऊन कुठल्याही शनिवारी लॅबमध्ये या, वेगळी फी नाही. अल्फा आणि प्रत्येक मर्ज एकत्र बसून तपासू.