ससा मी धुतला

मागच्या वीकेंडला आम्ही दोघांनी मित्राची दोन पोरं सांभाळली. हे ज्याला ज्याला कळलं त्याने एकच डायलॉग मारला, "वा, म्हणजे ट्रायल झाली म्हणायची! मग आता तुमचं कधी?" अरे कसली ट्रायल? दोन दिवस दुसऱ्याची पोरं बघून आपल्याला पोर हवं की नको हे नाही कळत हो. दुसऱ्याची पोरं रविवारी संध्याकाळी ज्याची त्याला परत देता येतात, तिथेच ट्रायलचा निकाल लागला. आम्हाला जे कळलं ते पोरांबद्दल कमी आणि आमच्या दोघांबद्दल जास्त होतं, आणि त्यात माझं फार काही चांगलं दिसत नाहीये हे आधीच सांगून ठेवतो.

तर मोठा चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. आईबाप पोरं झाल्यापासून पहिल्यांदाच दोन रात्री बाहेर, आणि पोरांना आपलं घर बरं म्हणून आम्हीच शुक्रवारी त्यांच्याकडे राहायला गेलो. वहिनींनी व्हॉट्सॲपवर ही एवढी लांबलचक लिस्ट पाठवलेली. मी वरच्या चार ओळी वाचून हसलो. "द्राक्षं उभी चिरून, एकाचे चार तुकडे." म्हटलं किती ते लाड! बायको हसली नाही. ती म्हणाली, अख्खं द्राक्ष एवढ्याशा श्वासनळीत बुचासारखं फिट्ट बसतं, म्हणून लहान पोरांना चिरूनच देतात. मी गप्प. तिने ती लिस्ट दोनदा वाचली, मी फोन खिशात टाकला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

शुक्रवारची रात्र बरी गेली. मोठ्याने "आई कधी येणार" विचारलं, त्याला "दोन झोपा झाल्या की" असं सांगितलं. या वयात रविवार म्हणजे काय ते कळत नाही, झोपा मात्र मोजता येतात.

शनिवारी मी दिवसभर मदत केली. हो, मदतच. "दूध किती गरम करू?" "हिचा टॉवेल कुठला?" "आता काय करू सांग." मनापासून विचारत होतो, अगदी हौसेने, आणि दुपारी बायको एका हाताने धाकटीला भरवत शांतपणे म्हणाली, "तुला उत्तरं देत बसण्यापेक्षा मी ते काम करून टाकते ना, लवकर होतं." लागलं मला. मग ठरवलं, आता न विचारता काहीतरी करून दाखवायचं.

धाकटीचा एक कापडी ससा आहे. एक कान चोखून चोखून दोरीसारखा झालेला, पोटावर दुधाचे डाग, आणि वास असा की खोलीत ससा आहे हे न बघता कळावं. संध्याकाळी सात वाजता मी तो मशीनमध्ये टाकला. साबण जरा जास्तच घातला आणि स्वतःवर खूश होऊन बाहेर येऊन बसलो.

आठला झोपायची वेळ. तिने हात पुढे केला. आता ससा आणायला गेलो तर तो बाहेरून ओला आणि आत कापसात नुसतं पाणी. अर्धा तास हेअर ड्रायर मारला, तोवर बायको तिला कडेवर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालतेय. शेवटी वरून वरून सुकलेला ससा दिला. तिने नेहमीसारखा कान नाकाला लावला. थांबली. परत लावला. आणि मग जो काय लांब भिरकावलाय! मोठा पलंगावर उठून बसला आणि मला समजावल्यासारखं म्हणाला, "काका, हा आपला ससा नाहीये."

साडेदहापर्यंत रडणं चाललं. बायको मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोरं झोपल्यावर मी शोधाशोध केली तर कळलं की डोनाल्ड विनिकॉट नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५१ मध्येच याच्यावर निबंध वाचला होता. बाळ ज्या खेळण्याला किंवा पांघरुणाला चिकटून असतं ते आई मळकट, वास मारणारं तसंच राहू देते, कारण ते धुतलं की बाळाच्या लेखी त्याची सलगताच तुटते. मानसशास्त्रातली एवढी मोठी गोष्ट वाचून मी भारावलो आणि बायकोला दाखवली. तिने तिचा फोन उघडून वहिनींची लिस्ट माझ्यासमोर धरली. अगदी खाली, शेवटून तिसरी ओळ. "ससा धुवू नका."

म्हणजे सगळं विचारून करत होतो तेव्हा डोकं तिचं वापरत होतो, आणि न विचारता केलं तेव्हा डोकं कुणाचंच नव्हतं.

रविवारी आम्ही डील केली. सकाळी सहा ते दुपारी एक सगळं माझं. ती आतल्या खोलीत, आणि मी काही विचारायचं नाही. तिच्यासाठी पण अट होती, बाहेर येऊन "असं नाही रे" म्हणायचं नाही, कारण शनिवारी मी लावलेला प्रत्येक डायपर तिने परत काढून लावला होता आणि मग माणूस शिकणार कधी? (हे तिला मान्य नाही. पोस्ट माझी आहे.) धाकटीचा टीशर्ट मी उलटा घातला, तो एकपर्यंत उलटाच राहिला.

आणि मग कळलं. दमायला होतं ते पोरांना उचलून नाही. एकला झोपवायचंय, म्हणजे बाराला जेवण, म्हणजे त्याआधी अंघोळ, वाइप्स संपत आलेत, मोठा पाय आवळून नाचतोय म्हणजे शू धरून ठेवलीय पण खेळ सोडवत नाहीये, आणि जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको आणि आमचा तास सकाळी साडेसातलाच संपलाय. हे सगळं एकाच डोक्यात, एकाच वेळी, आणि कोणाला दिसतही नाही. धाकटीला खांद्यावर घेतलेला माझा फोटो बायकोने ग्रुपवर टाकला तर "किती छान सांभाळतोस रे" म्हणून अठरा जण. तिचा फोटो कोणाकडे नाही, कारण शनिवारी मला तो काढायचं सुचलंच नाही.

एक वाजता ती बाहेर आली, पसारा बघितला आणि म्हणाली, "बोल, काय करू?" खरं सांगतो, राग आला. ती चांगल्या मनानेच विचारत होती, पण मला आता सांगत बसायचापण कंटाळा आला होता.

संध्याकाळी आईबाप आले. धाकटी ससा घेऊन थेट आईच्या अंगावर. वहिनींनी दोघांना एकदमच जवळ घेतलं, सशात नाक गेलं आणि त्या थबकल्या. "हा... धुतला का कोणी?"

बायको छताकडे बघायला लागली. मोठ्याने माझ्याकडे बोट दाखवलं.