एकही केस नाही? बरं, पण बघितलं कोणी?

लसीचा विषय निघाला की दोन गट पडतात, एक म्हणतो लस म्हणजे अमृत, दुसरा म्हणतो कंपन्यांचा धंदा, आणि दोघंही त्या बाटलीवरूनच भांडत बसतात. ती बाटली आधी कुठे न्यायची, कुणाला द्यायची, दिल्यावर उपयोग झाला का, हे ज्या कामावरून कळतं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ते काम म्हणजे रोगांवर पाळत ठेवणं, सर्व्हेलन्स. नाव ऐकूनच जांभई येते, मान्य आहे. पण मला विचाराल तर साथीच्या रोगांविरुद्ध आजवर जे काही जिंकलं गेलं त्यातलं निम्मं श्रेय या कंटाळवाण्या कामाचं आहे, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री लागते तीही यालाच.

पोलिओचंच घ्या. जगभरातली पोलिओची पाळत थेट पोलिओ शोधतच नाही. ती शोधते 15 वर्षांखालचं असं मूल, ज्याचा हात किंवा पाय अचानक लुळा पडलाय, मग कारण काहीही असो. जीबीएस (नसांचा एक आजार) असेल, इंजेक्शनने नस दुखावली असेल, आत्ता ते ठरवायचं नाही. मूल सापडलं की 14 दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोघांत किमान 24 तासांचं अंतर ठेवायचं, थंड डब्यात घालून लॅबला पाठवायचे. आणि खरी गंमत पुढे आहे. नियम असा की पोलिओ *नसलेल्या* लुळेपणाच्या केसेस दर 1 लाख मुलांमागे वर्षाला किमान 1 तरी सापडलीच पाहिजे. नाही सापडली तर तो भाग नापास! कारण पोलिओ असो नसो, इतर कारणांनी एवढी मुलं कुठेही लुळी पडतातच, आणि ती तुम्हाला दिसत नसतील तर पोलिओ तरी कसा दिसणार? शिवाय ठरलेल्या दवाखान्यांनी दर आठवड्याला 'एकही नाही' हेसुद्धा लिहून कळवायचं असतं. रिपोर्टच आला नाही तर त्याला शून्य धरत नाहीत. ज्याने कुणी हे डोकं लावलं त्याला माझा नमस्कार.

हे डोकं का लावावं लागतं ते नायजेरियात दिसलं. सप्टेंबर 2015 मध्ये डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) नायजेरियाचं नाव पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून काढलं, वर्षभर एकही केस नोंदली गेली नव्हती, सगळीकडे अभिनंदन वगैरे. ऑगस्ट 2016 मध्ये ईशान्येकडच्या बोर्नो राज्यात पोलिओ झालेली मुलं सापडली. लॅबने विषाणूचे जीन्स तपासले तर त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला 2011 सालचा. म्हणजे पाचेक वर्षं तो तिथे आरामात फिरत होता आणि कुणाला पत्ता नाही, कारण तो भाग बोको हराम या दहशतवादी संघटनेच्या ताब्यात, तिथे ना डोस पोचत होते ना नमुने घेणारी माणसं. शून्य आकडा खोटा नव्हता हो, कुणी चोरी केली नव्हती. तिथे बघणारंच कुणी नव्हतं. मग सॅटेलाइटच्या फोटोंवरून कुठे वस्ती उरलीय ते शोधून काढायची वेळ आली. डब्ल्यूएचओचा आफ्रिका विभाग नैसर्गिक (म्हणजे लसीतून न आलेल्या) पोलिओपासून मुक्त जाहीर व्हायला ऑगस्ट 2020 उजाडला.

उलटी गोष्ट देवीच्या रोगाची. 1967 मध्ये देवी निर्मूलनाची मोठी मोहीम सुरू झाली तेव्हा हिशोब सरळ होता, 80 टक्के लोकांना टोचा म्हणजे रोग जाईल. पण त्याच्या जरा आधी, डिसेंबर 1966 मध्ये, पूर्व नायजेरियात विल्यम फेगी नावाच्या डॉक्टरकडे सगळ्यांना टोचण्याएवढी लसच नव्हती. त्याने काय केलं, मिशनऱ्यांच्या वायरलेसवरून त्या भागातल्या सगळ्यांना विचारलं की तुमच्याकडच्या गावांत माणसं पाठवा आणि कुठे देवी दिसतेय ते सांगा. मग जिथे पेशंट तिथे आणि त्याच्या आजूबाजूला, आणि आता तो रोग कुठे जाईल असं वाटतं तिथे, एवढंच टोचलं. साथ थांबली. पुढे हीच पद्धत जगभर वापरली. देवीच्या फोडांचा फोटो असलेली कार्डं घेऊन माणसं बाजारात, शाळांत फिरायची, 'असं कुणी पाहिलंय का' विचारत. केस कळवणाऱ्याला बक्षीस. 1975 मध्ये बांगलादेशातल्या भोला बेटावर रहीमा बानू ही मुलगी सापडली, देवीच्या जास्त घातक प्रकाराची जगातली शेवटची नैसर्गिक केस, आणि ती कळवली होती एका आठ वर्षांच्या मुलीने. तिला 250 टका मिळाले. 8 मे 1980 ला देवी संपल्याची अधिकृत घोषणा झाली. लस तर त्याआधी पावणेदोनशे वर्षं होतीच की!

बरं, पोलिओत अजून एक पंचाईत आहे. साधारण 200 जणांना संसर्ग होतो तेव्हा एकजण लुळा पडतो, बाकीच्यांपैकी बहुतेकांना काही जाणवतही नाही. म्हणून गटाराचं पाणी तपासतात. हसू नका, 2013 मध्ये इस्रायलमध्ये एकही मूल लुळं पडलेलं नसताना विषाणू सांडपाण्यात सापडला आणि मुलांना डोस देऊन मामला तिथेच आवरला. 2022 मध्ये लंडनच्या सांडपाण्यातही सापडला. न्यूयॉर्कजवळ मात्र त्याच वर्षी लस न घेतलेला एक तरुण लुळा पडल्यावर कळलं, आणि मग जुने नमुने काढून तपासले.

आता लसविरोधी मंडळी म्हणतील की लंडन न्यूयॉर्कचा विषाणू लसीतूनच आलेला. हो, आलेला. तोंडाने द्यायच्या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो आणि जिथे बरीच मुलं लसीवाचून राहिलेली असतात तिथे तो महिनोन्‌महिने फिरत बदलतो आणि परत घातक होऊ शकतो. एप्रिल 2016 मध्ये जगभर एकाच वेळी टाइप 2 चा (पोलिओ विषाणूच्या एका प्रकाराचा) भाग लसीतून काढला तो यामुळेच, आणि ते गणित फसलं, नंतर टाइप 2 च्या साथी वाढल्या, 2021 पासून नवीन, जास्त स्थिर लस आणावी लागली. मी हे लपवणार नाही, आणि माझी तक्रार उलट लसीच्या बाजूच्या लोकांवर आहे की ते हे सांगायला कचरतात. ही माहिती कुणी पत्रकाराने उकरून काढलेली नाही, ती त्याच पाळत ठेवणाऱ्या लोकांच्या नमुन्यांतून आलीय.

विश्वास गेला की काय होतं ते पॅसिफिकमधल्या सामोआ या छोट्या बेटांच्या देशात बघा. जुलै 2018 मध्ये गोवराची लस दिल्यावर दोन बाळं गेली. चूक लसीची नव्हती, लसीची पावडर पाण्याऐवजी भूल देताना वापरतात त्या औषधात कालवली होती. लसीकरण कित्येक महिने बंद राहिलं, लोक घाबरले, आणि 2019 च्या शेवटी गोवर घुसला. लोकसंख्या साधारण 2 लाख, केसेस 5,700 च्या वर, मृत्यू 83, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. शेवटी डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस अख्खा देश बंद ठेवला आणि ज्या घरात लस न घेतलेलं कुणी आहे त्यांनी दारात लाल कापड लावायचं असं सांगितलं. टीम घरोघर फिरत होत्या त्या लाल कापडं शोधत. गोवराला 95 टक्के कव्हरेज लागतं, आणि तेसुद्धा सगळीकडे सारखं. देशाची सरासरी कितीही छान दिसली तरी मध्येच एखादा कोपरा कोरा राहिला तर गोवर बरोब्बर तिथे पोचतो. सरासरीवर तर माझा भरवसाच नाही, कारण दिलेले डोस भागिले जुन्या जनगणनेतली मुलं असा हिशोब केला की कागदावर 100 टक्क्यांच्या वरही कव्हरेज येतं. असे आकडे खरोखर रिपोर्ट होतात!

मार्च 2025 मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की गोवर आणि रुबेला (गोवरासारखाच पुरळ येणारा आजार) तपासणाऱ्या 700 च्या वर लॅबचं जागतिक जाळं बंद पडायच्या बेतात आहे कारण ते पूर्णपणे अमेरिकेच्या पैशावर चालायचं. एका देशाच्या खिशावर अख्ख्या जगाचं जाळं ठेवणाऱ्यांना आधी विचारायला हवं होतं की हे काय चाललंय. ताप आणि पुरळ बघून गोवर की रुबेला हे डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही, रक्त तपासावंच लागतं, आणि तेच काम या लॅब करतात.

आणि सगळ्यात जास्त चीड मला कशाची येते सांगू? जो प्रामाणिकपणे कळवतो त्यालाच मार. 2003 च्या सार्सच्या साथीनंतर नियम बदलले, गंभीर घटना असेल तर देशाने 24 तासांत डब्ल्यूएचओला कळवायचं. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराबद्दल झटपट कळवलं, आणि दोन दिवसांत श्रीमंत देशांनी तिथून येणारी विमानं बंद केली. पुढच्या वेळी कोण कळवेल? त्याआधी 2007 मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने द्यायला नकार दिला होता, कारण नमुने आमचे, त्यावर लस बनवणार परदेशी कंपनी, आणि ती आम्हालाच परवडणार नाही. तेव्हा त्यांना जगाने खूप नावं ठेवली. मे 2025 मध्ये महासाथींचा नवा जागतिक करार मंजूर झाला, पण नमुन्यांच्या बदल्यात लस किती आणि कधी मिळणार हा भाग पुढच्या वाटाघाटींवर ढकलूनच. कोविडमध्ये गरीब देश लसीच्या रांगेत शेवटी उभे होते हे बघितल्यावर मला तरी इंडोनेशियाचं म्हणणं चुकीचं वाटत नाही, नमुना रोखणं धोक्याचं आहे हे माहीत असूनसुद्धा.