‘एका थेंबात बाळाचा मेंदू कळतो’ या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. तिची तारीख पंधरा-वीस दिवसांवर आलीय. बोलायच्या आधी रडायलाच लागली. “मावशी, आपल्याकडच्या दवाखान्यात ती रक्ताची टेस्ट होत नाही गं. मी तिथं बाळंत होणार नाही.” कसली टेस्ट म्हणून विचारलं तर तिने मेसेज पाठवला. तोच मेसेज सकाळपासून मला दोनदा आला होता, एकदा खानापूरच्या बचत गटाच्या ग्रुपवर आणि एकदा निपाणीच्या चुलत जावेकडून. मी न वाचता सोडून दिला होता. ते चुकलं माझं.

मेसेज लांबलचक आहे, कन्नडातून मराठीत आणलेला दिसतो. त्याचं म्हणणं असं. बाळाच्या रक्ताच्या एका थेंबावरून मेंदूला ऑक्सिजन कमी पडला का ते लगेच कळतं. ही तपासणी सगळीकडे मिळते, पण आपली चूक उघडी पडेल म्हणून दवाखाने ती करत नाहीत. जन्मल्याबरोबर बाळ रडलं नाही तर त्याचा मेंदू गेलाच समजा. अशा बाळाला ओल्या फडक्यात गुंडाळून गार ठेवा, परदेशात असाच मेंदू वाचवतात. आणि तपासणी नॉर्मल आली की पुढे कसली काळजी नाही.

मी २३ वर्षं बाळंतपणाच्या खोलीत नर्स म्हणून काम केलंय, त्यातली बरीचशी खानापूर तालुक्यात. ओल्या फडक्यापासून सुरुवात करते. बाकीच्या मुद्द्यांनी माणूस घाबरेल, या मुद्द्याने बाळ मरेल.

बाळ जन्मतं तेव्हा ते आधीच ओलं असतं. त्याच्या अंगावर चरबी कमी, डोकं मोठं, कातडी पातळ. उबेतून एकदम हवेत आलेलं ते बाळ मिनिटामिनिटाला ऊब गमावतं. त्याच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश राहायला हवं. ते खाली गेलं की अंग गरम ठेवण्यासाठी शरीर जास्त साखर आणि जास्त ऑक्सिजन जाळतं. साखर उतरते, श्वास मंदावतो, बाळ दूध ओढत नाही. ज्या बाळाला आधीच ऑक्सिजन कमी पडलाय, त्याला हे ओझं झेपत नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात, भिंतींना ओल आलेल्या घरात, कुणी आजी हा मेसेज ऐकून नातवाला ओल्या फडक्यात गुंडाळेल, या विचाराने मला दोन रात्री झोप नाही. आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या बाळाला कोरडं करून, टोपडं घालून, कुशीत घेत आल्या. ते बरोबरच होतं.

आता परदेशातल्या उपचाराबद्दल. तो उपचार खरा आहे. मेंदूला मध्यम किंवा जास्त इजा झालेल्या बाळाला जन्मापासून ६ तासांच्या आत यंत्राच्या गादीवर ठेवतात, शरीराच्या आतलं तापमान ३३.५ अंशांवर ७२ तास धरून ठेवतात आणि मग हळूहळू परत ऊब देतात. गुदद्वारातल्या तापमापकावर यंत्राचं सतत लक्ष असतं. श्वास, साखर, रक्त गोठणं, आकडी, सगळ्यावर पहारा असतो. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत याचा फायदा दिसला आणि तिकडे तो रूढ झाला.

मग हाच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ७ मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर तपासला गेला. ‘हेलिक्स’ नावाची ही चाचणी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आली. गार केलेल्या बाळांपैकी शंभरात ४२ दगावली, न केलेल्यांपैकी शंभरात ३१. मृत्यू आणि अपंगत्व मिळून धरलं तरी फायदा दिसला नाही. यंत्र होतं, एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग होता, शिकलेले डॉक्टर होते, तरी हा निकाल आला. आणि मेसेज सांगतो, घरी ओलं फडकं गुंडाळा! कुठल्या बाळाला हा उपचार द्यायचा, द्यायचाच का, हे एनआयसीयूतले डॉक्टर ठरवतील. घरात, वाटेत, १०८ च्या गाडीत बाळाला फक्त ऊब द्यायची.

आपल्याकडे उलटं का झालं, हा प्रश्न त्याच संशोधकांनी पुढे धरला, आणि रक्ताचा खरा विषय तिथे येतो. त्यांनी बाळांच्या रक्तातली जनुकं तपासली, म्हणजे कुठली जनुकं जास्त काम करताहेत आणि कुठली कमी. श्रीमंत देशांतल्या बाळांत एकदाच जोराचा ऑक्सिजन तुटल्यासारखा ठसा होता. आपल्याकडच्या बाळांत गरोदरपणात आणि कळांच्या वेळी थोडा थोडा, पुन्हा पुन्हा ऑक्सिजन कमी पडल्यासारखा. इजाच वेगळी असेल तर एकाच उपचाराने दोन्हीकडे गुण कसा येणार? उद्या रक्तावरून ‘या बाळाला गार करा, त्याला नको’ असं सांगता आलं तर ते फार मोठं काम होईल. ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पण ते अजून संशोधन आहे. मेसेजला जोडलेली बातमी अशाच एका अभ्यासाची आहे. भारतातल्या रुग्णालयांतल्या ४५ बाळांचं रक्त जन्मानंतर ६ तासांत घेतलं आणि दीड वर्षाने त्यांची वाढ पाहिली. ज्यांना मोठा त्रास राहिला आणि ज्यांना राहिला नाही, त्यांच्यात ८५५ जनुकांचं काम वेगळं दिसलं. ४५ बाळांवरच्या अभ्यासातून ‘सगळीकडे मिळते’ कसं काय निघालं? बेळगावच्या कुठल्याही लॅबच्या दरपत्रकात ही तपासणी नाही. जे मिळत नाही, ते दवाखाना लपवतोय म्हणणं खोटं आहे.

मिळते ती वेगळी तपासणी, नाळेच्या रक्ताची. नाळेचा तुकडा दोन्हीकडून चिमट्याने बंद करून रोहिणीतलं रक्त घेतात आणि त्यातलं आम्ल मोजतात. त्याचा आकडा म्हणजे पीएच. तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. पीएच ७ च्या खाली असेल तर ऑक्सिजनची मोठी ओढाताण झाली असं धरतात. तरीही त्यातली बरीच बाळं पुढे चांगली वाढतात. लॅक्टेट, एलडीएच असल्या तपासण्याही बालरोगतज्ज्ञ करतात, पण शरीरावर किती ताण आला तेवढंच त्यातून कळतं. इथे मेसेजची एक गोष्ट मी नाइलाजाने मान्य करते. नाळेच्या रक्ताची तपासणी उपयोगी आहे आणि लहान दवाखान्यांत ते यंत्र बहुधा नसतं. असायला हवं.

पण तो आकडा हातात येईपर्यंत पहिलं मिनिट निघून गेलेलं असतं, आणि बाळाचं नशीब पुष्कळदा त्या मिनिटातच ठरतं. शंभरात पाच-दहा बाळांना जन्मताना थोडी मदत लागते. कोरडं पुसायचं, पाठ चोळायची. तेवढ्याने श्वास आला नाही तर मिनिटाच्या आत हाताने दाबायची हवेची पिशवी आणि मास्क लावून हवा द्यायची. नर्सना हे शिकवायला सरकारने २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. निळं पडलेलं, हात-पाय सोडलेलं बाळ पाच-सहा वेळा पिशवी दाबल्यावर गुलाबी होतं आणि रडतं, हे मी माझ्या हातांनी कितीदा अनुभवलंय. म्हणून ‘रडलं नाही म्हणजे मेंदू गेला’ या वाक्याची मला चीड येते. त्याला उत्तर द्यायला ती मुलं आज शाळेत जाताहेत.

‘दवाखाने लपवतात’ हा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. भाचीचा थोरला भाऊ, माझ्या अक्काचा पहिला मुलगा, जन्मला तेव्हा रडला नव्हता. त्या दवाखान्यात अक्काला एवढंच सांगितलं, “बाळ कमजोर आहे, दूध पाजा.” वर्ष होत आलं तरी तो मान धरेना, तेव्हा मी डिस्चार्जचा कागद मागून वाचला. त्यात इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की बाळ जन्मताना गुदमरलं होतं. अक्काला ना इंग्रजी येत होतं ना कुणी समजावलं. ते वर्ष व्यायामाचं, उपचाराचं होतं, ते गेलं. भाची त्या भावाला घास भरवत मोठी झालीय. हा मेसेज तिच्या काळजात का रुतला, ते मला कळतं.

पण कागदावर लिहिलेलं कुणी सांगितलं नाही, तिथे नव्या तपासणीने काय झालं असतं? आणखी एक न समजलेला कागद घरी आला असता. विचारायचं ते तोंडाने, आपल्या भाषेत विचारायचं: बाळ कितव्या मिनिटाला रडलं, पिशवी लावावी लागली का, आकडी आली का. आणि उत्तर लिहून तायी कार्डाबरोबर, म्हणजे गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या आईच्या कार्डाबरोबर, जपून ठेवायचं.

‘नॉर्मल आली की काळजी नाही’ याला दोनच वाक्यं. कुठलीही एक तपासणी दीड-दोन वर्षांची पाहणी वाचवत नाही. बाळ दूध नीट ओढत नसेल, फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल, चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत मान धरत नसेल तर रिपोर्ट काहीही असो, डॉक्टरकडे न्या.

काल भाचीला घेऊन तिच्या दवाखान्यात गेले. रक्ताच्या टेस्टचं मी काही विचारलंच नाही. रात्रपाळीला कोण असतं, लहान मास्क आहे का, बाळाला ऊब देणारा वॉर्मर चालतो का आणि लाइट गेली तर काय, एवढं विचारलं. तिथली सिस्टर वयाने लहान होती, पण रागावली नाही. तिने कपाट उघडलं, पिशवी काढली, तळहातावर मास्क दाबून हवा येते का ते आमच्यासमोर पाहिलं आणि मग ती भाचीच्या हातात दिली. भाचीने दोनदा दाबून बघितली. घरी येऊन तिने बाळंतपणाच्या पिशवीत चार जुनी सुती लुगड्याची फडकी धुऊन, कडक वाळवून ठेवली.