‘यात कुणाचं काय गेलं?’ म्हणणाऱ्यांना

‘फिफा घोटाळा ही अमेरिकेने उठवलेली आवई आहे’ असा लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. काल तो भाच्याने मला पाठवला. तो लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. खाली विचारलं होतं, ‘मामा, यात तथ्य आहे ना?’ नाही रे बाबा, अजिबात नाही. फिफा म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, आणि घोटाळा म्हणजे तिच्या व तिच्या खंडीय महासंघांच्या पदाधिकाऱ्यांची लाचखोरी.

म्हणे, यजमानपद हुकल्याचा सूड. २०२२च्या विश्वचषकासाठी अमेरिका कतारकडून १४ विरुद्ध ८ मतांनी हरली, हे खरं. त्याची सल तिथे कुणाला असेलही, तेवढं मान्य. पण फिफाचे हक्क विकणारी आयएसएल ही स्विस मार्केटिंग कंपनी २००१ मध्येच बुडाली होती आणि तिने फिफाचे माजी अध्यक्ष हावेलांज व ब्राझील फुटबॉलचे माजी प्रमुख टेशेरा यांना चारलेले पैसे उघडे पडले ते स्वित्झर्लंडच्या तपासात. तिथे अमेरिकेचा काय संबंध?

‘सगळे निर्दोष सुटले’ हे तर धादांत खोटं. फिफाचे माजी अध्यक्ष ब्लाटर आणि युरोपीय महासंघाचे माजी अध्यक्ष प्लाटिनी सुटले, पण ते २० लाख स्विस फ्रँकच्या एका व्यवहारात, स्विस कोर्टात. न्यूयॉर्कच्या ज्यूरीने डिसेंबर २०१७ मध्ये दक्षिण अमेरिकन महासंघाचे माजी अध्यक्ष नापूट आणि ब्राझील फुटबॉल संघटनेचे माजी अध्यक्ष मारिन यांना दोषी ठरवलं. नापूटला ९ वर्षांची शिक्षा झाली. वीसहून जास्त जणांनी तर आपणहून गुन्हा कबूल केला. ते का सांगत नाही हा मेसेज?

खरा संताप आला तो पुढच्या वाक्याचा: ‘लाच कंपन्यांनी आपल्या खिशातून दिली, खेळाचं काय गेलं?’ अरे, कंपनी दानधर्म करते का? पदाधिकाऱ्याचा खिसा भरला की प्रक्षेपणाचे हक्क स्वस्तात पदरात पडतात, आणि फरक सोसते ती संघटना. आणि नेहमी कंपनीचाच पैसा असतो असंही नाही. उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा महासंघ, कॉन्काकॅफ, याने स्वतः नेमलेल्या समितीचा २०१३चा अहवाल वाचा. समितीचे अध्यक्ष होते बार्बाडोसचे माजी सरन्यायाधीश डेव्हिड सिमन्स. कुणी अमेरिकी वकील नव्हे. त्रिनिदादमध्ये खेळाडूंसाठी प्रशिक्षण केंद्र उभारायला फिफा आणि महासंघाचे सुमारे अडीच कोटी डॉलर गेले. केंद्र महासंघाचं आहे, असंच सगळे धरून चालले होते. जमिनीची कागदपत्रं काढली तर मालकी महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष जॅक वॉर्नर यांच्या कंपन्यांची! हा पैसा पोरांच्या मैदानांचा होता. त्याच त्रिनिदादमध्ये मे २०११ मध्ये, फिफा अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी, कॅरिबियन प्रतिनिधींना पाकिटं दिली गेली, प्रत्येकात ४०,००० डॉलर रोख. बहामाच्या प्रतिनिधीने नोटांचा फोटो काढला आणि पाकीट परत केलं. म्हणजे नाही म्हणता येत होतं.

‘सगळ्याच खेळांत चालतं’ यावर मी शब्द खर्च करणार नाही.

शेवटचा दावा, ‘जुने गेले, आता घर स्वच्छ आहे.’ वॉर्नरनंतर २०१२ मध्ये सुधारणेची भाषा करत जेफ्री वेब कॉन्काकॅफचे अध्यक्ष झाले. सिमन्स अहवाल त्यांच्याच कारकिर्दीत आला. मे २०१५ मध्ये झ्युरिकच्या हॉटेलातून पोलिसांनी ज्यांना उचललं त्यांत वेबही होते, आणि त्याच वर्षी त्यांनी लाच घेतल्याचं कबूल केलं.