दोन स्टार देणाऱ्या ताईंना, छापखान्याकडून

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा मुलाने वाचून दाखवला, मग मी स्वतः दोनदा वाचला. तक्रारी तीन: साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाच्या 150 निमंत्रणांवर घडीशी रंग उडाला, दिवाळीच्या 2000 कार्डांवर लोगोचा केशरी मळकट आला, आणि पहिल्या खेपेला नगाला 22 रुपये नि दुसऱ्या खेपेला 6, म्हणजे आधी लुटलं.

घडीचं आधी सांगतो, कारण ती चूक निव्वळ आमची. ती 150 डिजिटलवर, म्हणजे टोनरने थेट छापणाऱ्या मशीनवर काढली होती. टोनर म्हणजे बारीक भुकटी, उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली. ती शाईसारखी आत मुरत नाही, वर पापुद्रा धरते. 250 जीएसएमचा जाड कागद क्रीजिंग न करता, म्हणजे घडीच्या रेषेवर आधी दाब देऊन खाच न पाडता दुमडला की पापुद्रा तडकतो आणि खालचा पांढरा दिसतो. संध्याकाळी तुम्ही गाडी लावून उभ्या होतात, पोराने घाईत क्रीजिंग गाळलं. मी काउंटरवरच होतो, तरी पाहिलं नाही.

दराचं मात्र पटत नाही. तुमची 2000 ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून शाईने छापणाऱ्या मशीनवर काढली. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेट लागतात, रंग जुळेपर्यंत शे-दीडशे शीट रद्दीत जातात. हा खर्च 150 ला जेवढा, तेवढाच 2000 ला. तुमची 150 कार्डं तिथे घेतली असती तर नग 22 च्या वर गेला असता, वर वाळायला एक दिवस. डिजिटलला प्लेट नाही, पण पहिल्या शीटला जो खर्च तोच हजाराव्याला. 2000 कार्डं तिथे काढली असती तर तुम्ही एकच स्टार दिला असता, आणि बरोबर दिला असता. ‘डिजिटल म्हणजे चकचकीत झेरॉक्स’ असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांच्याकडे बहुधा फक्त ऑफसेट असावं.

आता केशरी. तो खरखरीत, अनकोटेड कागद तुम्ही हौसेने निवडलात, दिसतोही सुरेख. पण तो शाई पितो. मशीनमधून ओलं शीट निघालं तेव्हा केशरी लखलखत होता, मीच पास केला. सकाळी वाळल्यावर पार बसला होता. त्याच कागदावर टोनर वरच राहतो, म्हणून पहिली खेप उजळ. शिवाय भिंगाखाली धरून पाहा, केशरी शाई तिथे कुठेच नाही, पिवळ्यावर मजेंटाचे, म्हणजे गडद गुलाबी शाईचे ठिपके आहेत. एवढं सगळं मला ठाऊक असताना, दुसरी खेप वेगळ्या मशीनवर जाणार आणि रंग हलणार हे ऑर्डर घेतानाच बोलायला हवं होतं. जुनं कार्ड शेजारी ठेवून तुमची सही घ्यायला हवी होती. घेतली नाही.

उद्घाटन होऊन गेलं, ती कार्डं परत छापून उपयोग नाही. त्यांचे 3300 रुपये परत घेऊन जा. दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत. 2000 पुन्हा छापून देतो, केशरी पाचवा रंग म्हणून वेगळी शाई घोटून. कागद, प्लेट, सगळं आमच्याकडून. नमुना ओला नाही दाखवणार, दुसऱ्या दिवशी वाळलेला बघून सही करा. मंगळवारी मशीन मोकळं आहे.

येताना पहिल्या खेपेचं एखादं न दुमडलेलं कार्ड सापडलं तर आणा. आमच्याकडचं एकुलतं एक फाइलला टाचलंय, तेही घडी घालून.